वैशाखातलं धुकं

वैशाख शुद्ध पंचमी. सकाळी चूल लिंपायला बसले आणि आत्याबाई आठवल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मला पसंत केलं तेव्हा त्यांना माझ्या जागी तीन मुली दिसत होत्या. हे त्यांनी लग्नानंतर सांगितलं, तेही भाकरी थापताना. "तिगीबी बऱ्या दिसल्या. म्हनलं, कुनीबी येऊ दे."

मला बघायला त्या माझ्या माहेरी, नवलाख उंबऱ्याला, आल्या भर दुपारी. "सकाळी मानूस खरा दिसत न्हाई," म्हणाल्या. माझ्या वडिलांना हे फार शहाणपणाचं वाटलं. खरं म्हणजे सकाळी आत्याबाईंना कुणीच धड दिसत नसे. उठल्या की डोळ्यांवर साय असायची, ती दुपारपर्यंत विरायची. लोणावळ्यात राहून हे लपवणं सोपं. ठेच लागली की म्हणायचं, "काय मेलं धुकं!" पण एकदा भर उन्हाळ्यातही म्हणाल्या, तेव्हा मी पकडलं.

"आत्याबाई, बाहेर लख्ख ऊन आहे."

"आगं, मग आतलं आसंल. तुज्या नवऱ्याला बोलू नगंस. चूल काढून घील माजी."

रोज सकाळी निखारे पुढे ओढून त्या डोळे उघडे ठेवून बसत. मी ओरडले, तर म्हणाल्या, "धूर न्हाई, ऊब हाय." त्या उबेनं साय लवकर विरे.

पुढे एकदा त्यांनी चुंबळ समजून मुलाच्या, म्हणजे यांच्या, रेल्वेच्या टोपीवर डाळीचं काळं पातेलं ठेवलं, आणि बिंग फुटलं. पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. बुबुळाची काच पुढे सुळकी काढून आली आहे, म्हणून एकाचे तीन दिसतात. शिवाय त्याच काचेत पाणी मुरतं, म्हणून धुकं. दोन्ही वाढत जाणार, चष्म्यानं भागणार नाही.

"येका डोळ्यात दोन सवती," आत्याबाई म्हणाल्या. "नांदवायच्या, दुसरं काय!"

घरी येताच मुलानं फर्मावलं, "आई, भाजून घेशील. चुलीपाशी जायचं नाही." त्या दिवशी त्यांनी एकदाही कुणाची थट्टा केली नाही. ते काही मला बघवेना. हे ड्यूटीवर गेले, की मी आत्याबाईंचा पदर कमरेला घट्ट खोचून त्यांना चुलीपुढे बसवी. मीठ डावीकडे, तवा उजवीकडे. जागा हलवायची नाही, हा नियम मलाही होता. चुकले तर शिव्या मिळत.

शेवटी शेवटी त्यांना दुपारही उरली नाही. तरी भाकरी गोलच असे. "तुज्यापरीस गोल," हेही ऐकवत. गेल्या त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ऐकवलं.

तर त्या पंचमीला चूल लिंपून होते न होते, तोच हे आले आणि शेणाच्या बादलीला अडखळले. आता यांचेही केस पिकलेत.

"काय धुकं आहे आज!" म्हणाले.

अंगणात पापड कडकडीत वाळत होते. मी बादली उचलून बाजूला ठेवली. चूल अजून ओली होती, आज पेटवता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली, निखारे पुढे ओढले, पाट मांडला आणि यांना हाताला धरून बसवलं. "धूर नाही, ऊब आहे. बसा."

गुमान बसले. मी त्यांची टोपी उचलली आणि पातेल्यांपासून लांब, उंच खुंटीवर अडकवली.