मामीच्या मेलमधली रानडुकरं

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी माझी मामी गडावर येणाऱ्यांना जेवू घालते. डोंगरात फोन लागेल याचा नेम नाही, म्हणून आगाऊ कळवायला तिनं पाटीवर ईमेलचा पत्ता लिहून घेतलाय. मागच्या रविवारी एक टोळी गड उतरून थेट ओट्यावर येऊन बसली. म्हणे, मेल केला होता की! चूल थंडगार. माणसं दारातून उपाशी गेली आणि मामीनं मला भोरला फोन लावला.

"येऊन बघ बाई. परत असं झालं तर म्या पाटीच काढून टाकीन."

एसटीनं गेले. मोबाईल उघडला आणि कपाळावर हात मारला. लॉटरीवाले, कर्जवाले, गोरं व्हायची औषधं विकणारे. सगळ्यांना मामीचं उत्तर गेलेलं: 'किती जण? भाकरी का चपाती?'

"अहो मामी, ह्या भामट्यांना उत्तरं?"

"आलेल्याला इचारायचं न्हाई व्हय?"

उत्तर मिळालं की त्यांना कळतं, इथं कुणीतरी आहे. मग ते आणखी धाडतात. खरे पाहुणे त्याखाली गाडले गेले होते.

मी समजावलं. उत्तर द्यायचं नाही, आतल्या लिंकला बोट लावायचं नाही. मेल निवडायचा आणि वरचं उद्गारचिन्हाचं बटण दाबायचं. स्पॅम म्हणून नोंद होते, आणि तसले मेल दुसऱ्यांकडे जाण्याआधी अडवायलाही मदत होते.

"दुसऱ्यांच्या बी?" मामीचं बोट हवेतच थांबलं. "हितनं?"

इतकी वर्षं मी ते बटण दाबतेय, पण हे केवढं अजब आहे ते तिच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं.

तरी घाई माझीच. म्हटलं, सगळे एकदम डिलीट करू आणि मोकळ्या होऊ. मामी उसळली.

"भातात रानडुक्कर शिरलं तर नुसतं हुसकून भागतं का? त्ये शेजारच्या वावरात जातं. हाळी द्यावी लागती, मंग पुढची वस्ती सावध व्हती."

आणि ती एकेक मेल निवडून दाबत बसली. मधेच मला खरा मेल दिसला. मोठा घोळका, उद्या दुपारी जेवायला.

"मामी, पाहुणे सापडले! उठा, बाजार करायचाय."

तिचा चेहरा फुलला, पण ती उठली नाही.

"थांब की, थोडंच ऱ्हायलंय. ह्यो लबाड उद्या कुणाच्या दारात जाईल, काय सांगावं?"

मला एकदम भरून आलं. कधीही न पाहिलेल्या माणसांना ती वेल्ह्यातून सावध करत होती, आणि तिला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. पिशवी घेऊन मी एकटीच बाजारात गेले.