सुभेदारांचा सूर आणि नऊ व्होल्ट

ड्रॉवर कितीही मोठा करा, त्यात नको ते सुटे भाग साठतातच. आमच्या माडीवर फजित्या साठतात! एक पॉवर सप्लाय घ्यायचा ठरवला आणि त्या एका वस्तूपायी इतके किस्से झाले की मी आता पाहुण्यांना चहाआधी तेच सांगते.

आधी मंडळी सांगते. मी साताऱ्यात आयटीआयमध्ये जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर माडीवर वर्कशॉप थाटलं. दर रविवारी तिथं जमणारे तिघं: आमचे हे, म्हणजे आर्मीतून रिटायर झालेले सुभेदार. मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवणारा माझा जुना विद्यार्थी शकील. आणि सांगलीहून एसटीनं येणारे हळदीचे व्यापारी आप्पा.

सुभेदार भजनी मंडळात गातात. उजव्या कानाशी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, त्याला मी स्वतः बनवलेला अडॅप्टर. पहिले दोन अभंग झकास! पण अर्ध्या तासानं यांचा सूर उतरायचा. शेवटी पेटी वाजवणारे म्हणाले, "सुभेदारसाहेब, वय झालं. औंधला यमाईच्या देवळात तुम्ही आता टाळ धरा."

सुभेदार घरी आले आणि न जेवता झोपले. मीही मास्तरीण ना! धीर द्यायचं सोडून मी सांगितलं, "उतरतो हो खरंच." त्याच आठवड्यात तानपुराही बंद पडला. तो माझ्या टेबलावर ठेवत सुभेदार म्हणाले, "एवढा नीट करून दे. देवळात न्हाई तर न्हाई, घरात तरी गाईन."

मला फार लागलं ते. पण हात लावायची भीती. आधी दारावरची बेल आणि आप्पांचा वजनकाटा मी चुकीच्या व्होल्टेजनं जाळलेला! म्हणून ठरलं, आधी चांगला पॉवर सप्लाय घ्यायचा. हवे तेवढेच व्होल्ट देणारा, आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देणारा.

* * *

पहिल्या दुकानात मी विचारलं, "करंट लिमिट आहे का?" दुकानदारानं उत्तर सुभेदारांकडं बघून दिलं. मी दुसरा प्रश्न विचारला. उत्तर पुन्हा सुभेदारांना! असं चार वेळा झालं.

शेवटी सुभेदार ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मी फक्त पिशवी धरायला आलोय. साहेब त्या हायत!"

* * *

सुभेदारांच्या मते अशी खरेदी बोर्ड बसवल्याशिवाय होत नाही. "फौजेत साधा पलंग घ्यायचा तरी तीन मेंबरांचं बोर्ड बसतंय," ते म्हणाले. "आन् सामानाचं नुकसान झालं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हंजे रीतसर चौकशी! तिथं मग साहेब असू दे न्हाईतर शिपाई, कुणाची सुटका न्हाई."

झालं! सुभेदार अध्यक्ष, शकील आणि आप्पा मेंबर. मी कोण? सुभेदार म्हणाले, "तू मागणी करणार. मेंबर व्हता येत न्हाई!"

* * *

शकीलनं आणलेला सप्लाय दिसायला देखणा होता, पण चालू केल्यावर पंखा असा काही गरगरला की टेबलावरचे कागद उडाले. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "काय दळताय गं?"

आप्पा कानावर हात ठेवून म्हणाले, "आरं शकील, ह्यो सप्लाय हाय का कडबाकुट्टी?" बोर्डानं नापास केला.

* * *

मग आप्पांनी स्वतः आणला. सांगलीत तीन दुकानं पालथी घालून, हातात तोलून. "आवं बाई, आत ट्रान्सफॉर्मर दमदार असला की जड लागतंय. उचलून बघा, लय वजन हाय!"

खरंच जड होता. पण जोडल्यावर दहा मिनिटांत मान टाकली. शकीलनं झाकण उघडलं. आत आंब्याच्या कोयीएवढा ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी चिकटवलेला फरशीचा तुकडा!

आप्पांनी त्या फरशीवर नख वाजवून बघितलं. "हळदीच्या पोत्यातला खडा मी आवाजावरनं वळखतो," ते म्हणाले. "माझ्या घरी सांगू नका गड्यांनो."

* * *

तिसरा सप्लाय मी कुणाला न विचारता निवडला. दुकानातच त्याची लाल आणि काळी वायर एकमेकींना टेकवून मुद्दाम शॉर्ट केलं. दुकानदार किंचाळला, सुभेदार खांबामागं गेले! सप्लायवर फक्त लाल दिवा लागला आणि करंट ठरल्या जागी थांबला. धूर नाही, वास नाही.

सुभेदार खांबाआडूनच म्हणाले, "पास!"

* * *

त्या रविवारी तानपुरा उघडला. स्विचजवळची वायर तुटली होती, ती जोडली. नव्या सप्लायवर बरोबर नऊ व्होल्ट लावले. तानपुरा वाजला. सुभेदार डोळे मिटून गायला लागले.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. सूर जागच्या जागी! शकील हळूच म्हणाला, "मॅडम, सरांचा उतरला नाही की!" सुभेदारांनी डोळे उघडले, ते भरून आले होते. माझेही भरले.

आता तानपुरा औंधला न्यायचा म्हणून मी सप्लाय काढून नेहमीचा अडॅप्टर लावला. ते परत गाऊ लागले. वीसेक मिनिटांनी अडॅप्टरला हात लावला तर तापलेला. मीटर लावला. नऊचे आठ झाले होते, आठाचे सात व्हायला लागले. तानपुऱ्याचा सूर हळूहळू खाली निघाला आणि त्याच्यामागोमाग, हुकूम पाळावा तसा, सुभेदारांचाही.

ते मध्येच थांबले. त्यांनी अडॅप्टर काढला, उलटा केला, चष्मा लावला. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "टेस्टेड. ओके." आणि खालची माझी सहीसुद्धा वाचली.

मग अडॅप्टर टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणाले, "शकील, आप्पा, खुर्च्या वढा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवायची हाय!"