धाकट्याची होडी

धाकटा जाऊन महिना झाला होता, तेव्हा दादांना एका अनोळखी बाईंचा फोन आला. आवाज बसका, बोलणं मोजकं.

"तुमच्या भावाचं कपाट आहे आमच्या क्लबात. आणि होडी. घाई नाही, पण एकदा येऊन जा."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. वय एकोणपन्नास. तीस वर्षं दोर, कप्प्या आणि ग्रीस यांत गेलेली. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. बायको सोडली तर सगळं जग त्यांना दादाच म्हणायचं. धाकटा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता, लग्न केलं नव्हतं, दादांच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा. दर रविवारी सकाळी पिशवी खांद्याला अडकवून निघायचा. होडीत बसून चेंडू खेळतो, एवढंच घरच्यांना ठाऊक. कनू पोलो हे नाव दादांनी कधी नीट ऐकूनही घेतलं नव्हतं. "चाळिशी उलटली तरी पोरखेळ सुटेना," असं म्हणून ते पेपरात डोकं घालायचे.

मग ताप आला. दवाखान्यात भरती केलं आणि अठराव्या दिवशी खेळ आटोपला. रक्ताचा आजार. डॉक्टर म्हणाले, दुखणं बरंच जुनं आहे. दादांना वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकतंय. घरातल्या माणसाचं जुनं दुखणं घरच्यांना कळणार नाही, असं कसं होईल?

क्लब म्हणजे पाणीपुरवठ्याच्या जुन्या, वापरात नसलेल्या तळ्याकाठी एक पत्र्याची शेड. तळ्याच्या दोन टोकांना पाण्यावर अधांतरी टांगलेल्या गोलच्या दोन जाळीदार चौकटी, डोक्याच्याही वर. फोनवाल्या बाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, पांढरे केस कापलेले, हातांना साबणाचा वास. एरवी त्यांची लाँड्री होती. इथे सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. त्यांनी कपाट उघडून दिलं. आत तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट, जाडजूड जाकीट आणि एक टॉवेल, घडी घालून ठेवलेला. धाकट्याला घरी कधी घडी घालता आली नव्हती.

"होडी विकून टाका," दादा म्हणाले.

"विकू. पण आधी एकदा बसून बघा."

"मला नाही जमायचं."

"बरं," कॅप्टन म्हणाल्या आणि आग्रह केला नाही. केला असता, तर दादा परत फिरकले नसते. पुढच्या रविवारी ते आपण होऊन गेले. बायकोला सांगितलं, होडीचं काय ते ठरवून येतो.

पहिला धडा बुडायचा होता. कमरेभोवती रबरी घेर घालायचा, त्याची कड होडीत बसायच्या भोकावर ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. पण होडी उलटली की माणूसही तिच्यात डोकं खाली करून लटकतो. अशा वेळी पुढचा पट्टा खेचायचा, घेर सोडवायचा आणि बाहेर निसटायचं. कॅप्टन छातीभर पाण्यात शेजारी उभ्या राहिल्या.

"घाबरू नका. आधी तीन आकडे मोजा, मग पट्टा."

‘घाबरू नका’ हेच दादा जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले होते. होडी उलटली. हिरवा अंधार, नाकात पाणी, कानात स्वतःच्याच छातीची धडधड. एक झाला, दोन झाले आणि मग मोजणं कुठल्या कुठे पळालं. पट्टा हाताला लागेना. कॅप्टननी ओढून सरळ केलं, तेव्हा दादा धाप टाकत म्हणाले, "परत."

त्या दिवशी पाच वेळा उलटले. पाचव्या वेळी आपले आपण बाहेर आले. घरी गेल्यावर नाकातून पाणी गळत होतं आणि ते जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या रडले. धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा. बायकोने पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

तीन रविवार असे गेले. वल्हं मारायचं, एका हाताने चेंडू झेलायचा, पाच सेकंदांच्या आत दुसऱ्याला द्यायचा. चेंडू ज्याच्या हातात, त्याला खांद्याला ढकलून खुशाल उलटवायचं, हे नियमातच बसतं. दादांना सगळे ढकलायचे. मान द्यायची ही त्यांची रीत.

चौथ्या रविवारी खेळ संपल्यावर एक पोस्टमन शेजारी होडी पुसत होता. सहज म्हणाला, "तुमच्या भावाला शेवटी शेवटी आम्ही गोलवरच ठेवायचो. तिथे वल्हं उभं धरून थांबायचं, दम कमी लागतो. इतकी औषधं चालू असताना तेवढं झेपायचं त्याला."

दादांचा हात थांबला. "कसली औषधं?"

पोस्टमनने एकदा कॅप्टनकडे बघितलं. दादा तसेच ओल्या कपड्यांनी कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. सात महिने."

"मी एका घरात राहत होतो त्याच्याबरोबर. आणि तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

"सांगू नका म्हणाला होता. दादाला कळलं तर मला खोलीबाहेर पडू देणार नाही, म्हणाला. उपचार घेत होता, चुकवत नव्हता. एवढं मी बघितलं."

"तो काहीही म्हणेल. तुम्ही ऐकायचं?"

"ऐकलं खरं," कॅप्टन म्हणाल्या. "बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळलेलं नाही."

दादा निघून आले. पुढचे तीन रविवार गेले नाहीत. कामावर लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी उतरले की तिथेच बसून राहायचे; वरून सोबतचा माणूस हाका मारायचा, तेव्हा भानावर यायचे. सात महिने आपण धाकट्याला काय काय बोललो, ते एकेक आठवायचं. उशिरा उठतोस म्हणून. जेवत नाहीस म्हणून. खोलीत पसारा करतोस म्हणून.

एका संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दादांनी विचारलं, "मला कळलं असतं, तर मी काय केलं असतं?"

तिने घडी मोडू न देता उत्तर दिलं. "खुर्चीला बांधून ठेवलं असतं त्याला. वडिलांना ठेवलं होतं तसं."

वडिलांचं चार वर्षांचं आजारपण दादांनीच काढलं होतं. पथ्य, गोळ्या, दार बंद. शेवटच्या वर्षी वडील अंगणात जाऊ दे म्हणायचे आणि दादा म्हणायचे, बरे झाल्यावर. धाकटा हे सगळं दारात उभा राहून बघत होता.

"बांधलंच असतं," दादा म्हणाले.

पुढच्या रविवारी ते तळ्यावर गेले. कॅप्टननी सभासदाचा फॉर्म पुढे केला. इतके दिवस पाहुणे म्हणूनच चाललं होतं. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे त्यांनी बायकोचा नंबर लिहिला. खाली होतं, काही आजार असल्यास. दादा पेन धरून थांबले. गेलं वर्षभर ते रक्तदाबाची गोळी घेत होते. गोळ्या हत्यारांच्या पेटीत असायच्या. घरी उगाच काळजी नको म्हणून.

त्यांनी खरं ते लिहिलं. घरी गेल्यावर बायकोलाही सांगितलं. ती चिडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेटीतल्या गोळ्या काढून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "रविवारी मी येते बघायला. बांधणार नाही, फक्त बघणार."

ती आली त्या दिवशी त्यांचा पहिला सामना होता. दहा दहा मिनिटांचे दोन डाव. दुसऱ्या डावात चेंडू हाती आला आणि लगेच खांद्याला दणका बसला. होडी उलटली. काठावरून दादा कुठेच दिसेनात. बायको उठून उभी राहिली. पाण्याखाली त्यांनी तीन आकडे मोजले, वल्हं तिरकं लावून सरळ होऊ पाहिलं, जमलं नाही, मग पट्टा खेचून बाहेर आले आणि होडी ढकलत काठाला लागले. संघ दोनाविरुद्ध सात गोलांनी हरला.

होडी विकली नाही. दादा आता क्लबच्या दुसऱ्या, कच्च्या संघात खेळतात, पलटी मारून सरळ होणं दहातल्या सहा वेळा जमतं. कॅप्टनशी त्यांचं पूर्ण जुळलं असं म्हणता येणार नाही. त्या सात महिन्यांचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. पण खेळ संपला की दोघंच मागे राहतात, गोलांच्या जाळ्या सोडवून धुतात, वाळत घालतात आणि मग आपापल्या घरी जातात.