उन्हात घातलेल्या नऊ रेकॉर्डी

लते, माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. आधी वहीत लिहिते आहे. धीर झाला तर तुला आणि सुरतेच्या दादाला पाठवीन.

रनाळ्याहून निघाले तेव्हा तू माझी पिशवी धरून फाट्यावर उभी होतीस. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवून वाळवून खकाणा छातीत बसला होता, डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं होतं, आणि ओळखीतून पुण्याला घरकाम मिळालं होतं. जीपमध्ये चढताना मायने पदराने माझं तोंड पुसलं. "कामले लाजू नको पोरी, पण बोलत जाय. तुन्हा तोंडमा काय मूग शेतस?" जीपमधली माणसं हसली. मी पिशवी मांडीवर घेतली.

काम सायमनकाकांकडे. सत्तरीचे, एकटे. कॅम्पात त्यांचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान आहे. वर्षभराने घरचं आटोपलं की ते मला दुकानात रेकॉर्डी पुसायला बोलावू लागले. तू म्हणशील, मोबाईलच्या काळात रेकॉर्डी कोण घेतं? वेण्या घातलेली पोरं हिप-हॉपच्या घेतात, पोट सुटलेले साहेब रेगेच्या. रेगे म्हणजे जमैका नावाच्या बेटावरचं गाणं. त्यात गिटार ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधे पडते. पहिल्यांदा वाटलं, वाजवणारा चुकतोय. आता ठोक्यावर पडणारं गाणंच मला घाईचं वाटतं. होळीला मोलगीकडचा ढोल कसा पोटात वाजतो, तसा रेगेचा बास, म्हणजे गाण्याच्या तळाचा खर्ज. आणि हिप-हॉप म्हणजे हळदीला आपल्या बायका विहिणीला गाण्यातून टोमणे मारतात ना, तेच. शब्द मला कळत नाहीत, पण कोण जिवावर उदार होऊन बोलतोय आणि कोण नुसती फुशारकी मारतोय, ते आवाजावरून कळतं.

सध्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा छापून येतात, लाल, पिवळ्या, काचेसारख्या आरपार. पोरं रंगावर भाळतात. माझं मत विचारशील तर रेकॉर्ड कानाने घ्यावी. भिंतीवरच लावायची असेल तर कॅलेंडर स्वस्त पडतं. आपल्याकडची पोरं अहिराणीत रॅप करून मोबाईलवर टाकतात, ते मी काकांना ऐकवलं. ठेका उसना आहे, पण तोंड आपलं आहे. त्याची कुणीतरी रेकॉर्ड काढायला हवी.

आता जे मायशिवाय कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. दुकानात रोहन नावाचा एक मुलगा येतो, रेगेवेडा. त्याने नऊ छोट्या रेकॉर्डी धुवायला ठेवल्या होत्या. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या. काकांनी सांगितलं होतं, धुऊन सावलीत जाळीवर उभ्या कर. पण माझे हात पथारीवरचे. ओलं ते उन्हाला दाखवलं नाही तर बुरशी पुन्हा येणार, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एप्रिलचं ऊन. गच्चीवर जुनी साडी अंथरली, नऊच्या नऊ मांडल्या, आणि मिरची उलथतात तशा मधे एकदा उलथल्याही. तासाभराने गेले तर कडा तळलेल्या पापडासारख्या उचललेल्या.

काकांनी रोहनला अठरा हजार भरून दिले. मला म्हणाले, चूक माझी, मी समोर उभं राहायला हवं होतं, तू विसरून जा. फोनवर माय म्हणाली, निघून ये. मीही पिशवी भरली. पण तशी आले असते, तर उरलेला जन्म मी रेकॉर्डी नासवून पळालेली बाई राहिले असते. सकाळी काकांना म्हटलं, दर महिन्याला पाचशे कापा. ते नको म्हणाले. मी पहिले पाचशे गल्ल्यावर ठेवले आणि पुसायला बसले.

पुढे एकदा काका रोहनला एक रेकॉर्ड जुनी म्हणून विकत होते. काकांची नजर आता कमी झाली आहे. लावल्याबरोबर मला बास पातळ लागला. उलटून पाहिलं तर आतल्या कडेला जुन्यांवर असतो तसा हाताने कोरलेला नंबर नव्हता, यंत्राचा होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तरी बोलले, "काका, ही जुनी नाही. नवी छापलीय."

रोहन म्हणाला, "मावशी, नऊ रेकॉर्डी भाजून तुम्ही तयार झालात." सगळे हसले, मीपण. काकांनी पैसे परत केले. तेव्हापासून किंमत लावायच्या आधी ते रेकॉर्ड माझ्याकडे सरकवतात.

लते, तीन वर्षं तू विचारत होतीस, येत का नाहीस. पैसे फेडायचे उरलेले असताना सुट्टी मागायला माझी जीभ रेटत नव्हती, एवढंच. घर म्हणजे संकटात पळून जायची जागा, असं मी समजत होते. आता वाटतं, ताठ मानेने चार दिवस राहायला जाता येतं, ते घर.

काल शेवटचे पाचशे दिले. काकांनी ते खिशात घातले आणि विचारलं, "मग? आता जाणार सोडून?"

"चार दिवस रजा द्या," मी म्हटलं. "सोमवारी दुकान मी उघडते."