पांढरीच्या पाठीवरचं कुंकू

पुणतांब्याच्या अलीकडं उसाच्या रानात आमची वस्ती. अंगणात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यात एक काळी. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग तिच्या मर्जीतल्या दोघी, मग बाकीच्या. कोणी मधे तोंड घातलं की चोच बसलीच. मी एकदा आमच्या ह्यांना म्हटलं, "ही काळी म्हणजे अंगणातली सासूच बघा." सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आन् ती दिवसभर कलकल करनारी तांबडी कोन मग?"

मी फणकाऱ्यानं आत गेले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. पंचवीस वर्षं आम्ही एका घरात अशाच राहतोय. ना त्या शब्द खाली पडू देत, ना मी.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई सोनईला गेल्या. ते त्यांचं माहेर. भावजय आधीच गेलेली, भाऊही वर्षापूर्वी गेला, आणि आता भाचा घर बंद करून पुण्याला निघाला होता. दोन दिवस राहून आल्या. श्रीरामपूरला गाडी बदलून, एसटीत मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून एक पांढरं डोकं बाहेर.

"भाचा म्हनला, आत्या, काय नेती? म्हनलं, भांडी नको न् कुंडी नको. वहिनीच्या कोंबड्यातली एक दे." एवढंच बोलल्या. डोळे सुजलेले होते.

आमच्याकडं नवीन जनावर दारात आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात. गाईला लावतात, शेळीला लावतात, आम्ही ट्रॅक्टरलाही लावलंय. कोंबडीला कोणी लावत नाही खरं तर. पण आत्याबाई म्हणाल्या, "माहेराहून आलीय. तशीच कशी आत घ्यायची?" आणि कुंकवाचा करंडा पुढं सरकवत म्हणाल्या, "तू लाव."

मामंजी गेल्यापासून त्या कुणाला कुंकू लावत नाहीत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. आपण होऊनच मागं सरल्या. आणि "असं काय करता, तुमीच लावा" असं मीही सहा वर्षांत कधी म्हटलं नाही.

त्या दिवशी गॅसवर डाळ उतू जायला आलेली, माझं डोकं ठिकाणावर नाही. मी तळहातावर पाण्यात कुंकू कालवलं आणि गाईला फासतात तसं चार बोटांनी पांढरीच्या डोक्यापासून शेपटापर्यंत ओढलं. काळ्यातांबड्या कोंबड्यांत ती एकटी पांढरी, त्यात पाठभर लाल. दुपारचे दाणे टाकलेलेच होते. त्यातच तिला सोडली आणि डाळ बघायला पळाले.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. आत्याबाईंची किंकाळी ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर काळी पांढरीच्या पाठीवर उभी, आणि बाकीच्या सगळ्या भोवतीनं तुटून पडलेल्या. मी केरसुणी घेऊन धावले. काळीला असा तडाखा दिला की ती थेट कढीपत्त्याच्या झाडाखाली जाऊन पडली. पांढरीला उचललं तर हात ओला. डोक्यामागचं कातडं सोललेलं, पाठीवर रुपयाएवढी दोन भोकं, शेपटापाशी नुसतं लाल मांस. छातीशी धरली तर तिचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. मला रडूच आलं. कोंबडीसाठी कोणी रडतं का? मी रडले.

आत्याबाई ओट्यावर बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "माजाच पायगुन. मी हात लावला ना तिला."

"काहीतरीच काय बोलता!" मी खेकसले.

संध्याकाळी हे घरी आले, बघितलं आणि म्हणाले, "आता ही काय जगत नाही. उद्या रस्सा करू." मी असं काही बघितलं त्यांच्याकडं, की त्या रात्री ते स्वतःचं ताट स्वतः वाढून घेऊन जेवले. आत्याबाई मात्र जेवल्या नाहीत.

सकाळी पांढरीला टोपलीत घालून गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण हात फार हळुवार. जखम धुता धुता थांबल्या. "पिसांवर हे लाल काय आहे? हे रक्त नाही."

"कुंकू," मी म्हटलं.

त्यांनी हसू दाबलं. "अहो ताई, कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते. टोचलं की रक्त येतं, मग सगळ्याच टोचतात. तुम्ही तर पाठभर दाखवून दिलंत त्यांना, इथं टोचा म्हणून. आणि नवीन पक्षी एकदम सोडायचा नसतो. आठ-दहा दिवस वेगळा ठेवायचा, एकमेकींना दिसेल असा."

त्यांनी जांभळं औषध दिलं. जखमेचा लाल रंग झाकला जाईल, माशा बसू देऊ नका, पाणी पाजत राहा, असं सांगितलं. मी मान डोलवत होते. कानात एकच वाक्य घुमत होतं, तुम्हीच दाखवून दिलंत म्हणून.

घरी आल्यावर औषधाचं सगळं सांगितलं. कुंकवाचं सांगितलं नाही.

अंगणात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आहे, पांढरीला त्याखाली ठेवलं. आत्याबाई दिवसभर त्याच्या शेजारी बसायच्या. कापसानं औषध लावायच्या, चमच्यानं पाणी पाजायच्या. त्यांची बोटं नखांपर्यंत जांभळी झाली. तिच्याशी बोलायच्याही. "खा गं माय. वहिनी काय म्हनंल मला?" काळी यायची आणि डालग्याच्या फटीतून डोळा लावून बघत राहायची. मेली जातच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पांढरीनं दाणे सोडले. चौथ्या दिवशी मान टाकून, डोळे मिटून बसली. त्या दुपारी मी आत गेले तर आत्याबाई खाटेवर लुगडी घडी करून पिशवीत भरत होत्या.

"कुठं निघालात?"

"नाशिकला. लेकीकडं."

"आत्ता? पंधरा दिवसांनी आपली पोर बाळंतपणाला येणार, आणि तुमी नाशिकला?"

"म्हनून तर," त्या म्हणाल्या. "पोरीचं पहिलंच हाय. मी नको इथं. माज्या हातात एक कोंबडी टिकंना. ही आज-उद्या जाईल, मग मी निगते."

खोटं कशाला बोलू, एका मनानं म्हटलं, जाऊ देत. लेक येणार, नातवंड येणार, दोन महिने घर माझ्या हातात. कोणी टोकायला नाही, की भाजीत मीठ जास्त झालं म्हणायला नाही. आणि दुसरं म्हणजे, माझं चुकलं असं त्यांच्यापुढं म्हणायचं माझ्या अगदी जिवावर येतं. पंचवीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. मी दारात उभी राहून त्यांच्या जांभळ्या बोटांकडं बघत होते. लुगड्याच्या काठालाही तो रंग लागला होता. एका कोंबडीपायी ही बाई स्वतःला घराबाहेर काढत होती, आणि कारण मला एकटीला माहीत होतं. मला माझीच लाज वाटली.

"आत्याबाई, ते तुमच्यामुळं नाही झालं," मी म्हटलं. "माझ्यामुळं झालं. मी कुंकू फासलं ना पाठभर, ते लाल बघून टोचलं त्यांनी. डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी तुमच्यापासून लपवलं. चुकलं माझं."

घडी घालता घालता त्यांचे हात थांबले.

"चार दिस झाले," त्या म्हणाल्या. "चार दिस मी स्वतःला शिव्या घालतेय. आन् तू बघत हुतीस?"

"हो."

"एवढं कुंकू कोंबडीला लावतात व्हय गं? लगनात तुजा मळवट भरला तवा बी एवढं न्हवतं." मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. मी तयारच होते, उलट सुरू व्हावा असंच वाटत होतं. पण त्या खाटेवर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुज्या हातानं झालं, तर ती चूक. तेच माज्या हातानं झालं असतं, तर पायगुन. असंच ना?"

मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, आणि पायही मागं घेतले नाहीत. मग म्हणाल्या, "ऊठ. दहीभात कालव थोडा. दाना जाईना, तर मऊ जातंय का बगू."

पांढरीनं त्या दिवशी दोन शितं खाल्ली. दुसऱ्या दिवशी चमचाभर. आठवड्यानं जखमेवर खपली धरली आणि ती डालग्यात उभी राहून चिडून ओरडायला लागली. आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. भरलेली पिशवी खाटेखाली तशीच होती. राहणार की जाणार, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

लेक यायच्या तीन दिवस आधी मी म्हटलं, "आता हिला सोडून बघायची का? काळीनं परत धरलं तर? अजून महिनाभर झाकूनच ठेवू या."

आत्याबाई उठल्या. काळी दाण्यांच्या नादात असताना तिला दोन्ही पंख दाबून धरलं आणि डालगं उचललं. पांढरीला बाहेर काढलं, काळीला आत सरकवलं आणि वर दगड ठेवला. "डांबायचं तर मारनारीला डांब," त्या म्हणाल्या. "जिनं मार खाल्ला तिला का कोंडायचं?"

काळी आत थयथयाट करत होती. पांढरी जरा बिचकत चालली, मग तांबडीच्या शेजारी जाऊन उकिरड्यावर माती उकरायला लागली. तांबडीनं एक चोच मारली, पण उगीच, सवयीनं. पांढरीनंही तिला एक दिली. आत्याबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग मोबाईल मागून घेतला आणि मला नाशिकला फोन लावून द्यायला सांगितलं.

फोन कानाशी न धरता समोर धरून त्या नेहमीसारख्या मोठ्यानं बोलल्या, "न्हाई गं, मला न्हाई जमायचं यायला. हितं लई काम हाय. लेकरू झालं की त्याला अंगुळ कोन घालंल? तेल लावून, पायावर घेऊन? हिला काय येतंय!"

फोनमधून नणंदेचा आवाज आला, "अगं आई, वहिनीला येत नाही होय? दोन पोरं वाढवलीत तिनं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "नाही हो वन्सं, मला नाही येत."