जिराफ कॉटेजमधली दुसरी बाई

आधीच सांगून टाकते — मी भूत मानत नाही, करणी मानत नाही, अंगात येणं तर अजिबातच मानत नाही. नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजते. तेव्हा एक आणि दोन यातला फरक मला कळतो, हे वाचणाऱ्यांनी कृपया ध्यानात ठेवावं. खाली जे लिहिलंय त्यात सगळा घोळ एक की दोन एवढाच आहे.

वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही — का, ते विचारू नका, उत्तर देऊन देऊन तोंड दुखलंय. दर उन्हाळ्यात माझी रजा उमरीला जाते. तिथं आई आहे, धाकटा भाऊ बालाजी, त्याची बायको संगीता आणि त्यांची दोन मुलं. रजा म्हणजे काय, तर पापड लाटणं आणि गच्चीवर कावळे हाकणं. मागच्या मे महिन्यात मी ठरवलं की यंदा शनिवार-रविवार माझे. एकटीनं कुठंतरी जाऊन राहायचं.

पण कुठं? लातूरला जावं तर तिथं दोन चुलत बहिणी आणि एक मावशी. आम्ही असताना हॉटेलात उतरलीस म्हणून वर्षभर बोलणार नाहीत. साध्या लॉजवर एकट्या बाईकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर मला नको होती. शेवटी थीम पार्कचं रिसॉर्ट शोधून काढलं — नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूर सोडलं की चाकूरच्या अलीकडे आत एक फाटा जातो, तिथं. नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नाही. फायबरचे डायनासोर, वॉटर पार्क आणि प्राण्यांच्या नावाची कॉटेजेस. ज्या भागात लोक टँकरची वाट बघतात तिथं वॉटर पार्क... हसा, मीही हसले होते.

लॅबमधल्या पोरी म्हणाल्या, "मॅडम, तिथं लेकरं घेऊन जातात हो!" मग काय झालं? चारी बाजूंनी कुंपण, गेटवर बाई गार्ड, जेवण आतच, अंधारात रिक्षा शोधायची नाही, सगळीकडे पोराबाळांचा कालवा. एकट्या बाईला याहून सुरक्षित जागा मला तरी माहीत नाही. आणि घसरगुंडीवरून पाण्यात पडायला वरच्या वयाची अट कुठंच लिहिलेली नव्हती.

बुकिंगला फोन केला तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं ओन्ली फॅमिली."

"मग मी फॅमिलीच आहे," मी म्हटलं. "एका माणसाची."

पाच मिनिटं वाद घातला, आधार कार्ड पाठवलं, तेव्हा जिराफ नावाचं कॉटेज मिळालं. व्यक्ती — एक. हे तो दोनदा बोलला आणि मी दोनदा 'हो' म्हटलं.

हे मंगळवारी मी संगीताला फोनवर सांगितलं. संगीताबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत सासर आणि माहेर सोडून ती एकही रात्र तिसऱ्या छपराखाली झोपलेली नाही. तक्रार कधी ऐकली नाही. त्या दिवशी मात्र ती हळूच म्हणाली, "आक्का, मी बी येऊ का?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. "ये! मी खोली दोघींची करून घेते."

"आत्याबाईला इचारते अन् सांगते."

आत्याबाई म्हणजे आमची आई. आई नाही म्हणाली नाही. नाही म्हणणाऱ्यातली ती नव्हेच. बुधवारी सकाळी उठून तिनं पाच किलो गहू भिजत घातले.

ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते — कुरडयांचे गहू एकदा भिजले की मागं फिरता येत नाही. तीन दिवस पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे तो घोटून शिजवून, गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. एक दिवस लांबवला की आंबून वास मारतो. बुधवारी भिजवले म्हणजे कुरडया शनिवारी, ते मोडणं कोणाच्या हातात नव्हतं. आणि चीक घोटायला घरात हात एकीचेच, कारण आईचा खांदा धरलाय आणि बालाजीला गच्चीवर यायची लाज वाटते.

"राहू द्या आक्का," संगीता फोनवर म्हणाली. "तुम्ही जावा. आल्यावर समदं सांगा मला." आवाज साधाच होता. मला मात्र फोन ठेवल्यावर रडू आलं, रागाचं. मग मीही हट्टानं गेलेच. मी घरी बसले असते तर आईचे गहू दोघींवर जिंकले असते.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. गेटवर एक मुलगी मनगटाला निळे पट्टे बांधत होती. माझा बांधला आणि दुसरा काढून माझ्या खांद्याच्या मागं बघत म्हणाली, "ताई, तुमचा हात?"

मागं कोणी नव्हतं. "मी एकटी आहे," मी म्हटलं. ती गोंधळून मला 'सॉरी' म्हणाली. मला वाटलं, एकटी बाई यांना दिसतच नाही, सवय नाही बिचाऱ्यांना.

जेवायला बसले तर वाढप्यानं दोन ताटं मांडली. "एकच," मी सांगितलं. "त्या ताई नंतर जेवणार का?" त्यानं विचारलं. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "दादा, मी एकटी आलेय. एकटी! पाटी लावून फिरू का?" आजूबाजूची लेकरं माझ्याकडे बघायला लागली. मॅनेजरनं सगळ्या स्टाफला सांगून माझी टिंगल लावलीय, असा माझा पक्का समज झाला.

जेवण उरकून लाटांच्या तलावाकडे गेले. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात. गुडघाभर पाण्यात उभी राहिले तोच काठावरच्या गार्ड बाईंनी शिट्टी मारली.

"ओ मावशी! तुमच्यासंगच्या बाईला सांगा, साडी घालून पाण्यात चालत न्हाई. कॉस्च्यूम घ्या म्हणावं काउंटरवरनं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. तरातरा काठावर गेले. "कोण बाई? दाखवा मला. कुठं आहे?"

"आता तर हितं हुती की तुमच्यापाशी," त्या गोंधळल्या. "जांभळी साडी, कंबरेला खोचलेली. अन् हाताला हे कोपरापर्यंत पांढरं कायतरी वाळलेलं. पीठ म्हणा की चुना म्हणा. तसल्या हातानं पाण्यात न्हाई यायचं, म्हणून तर शिट्टी मारली मी."

कोपरापर्यंत वाळलेलं पांढरं म्हणजे काय हे मला सांगायला कोणी नको होतं. लहानपणापासून दर मे महिन्यात आमच्या घरातल्या बायांचे हात तसे बघितलेत. शिजवलेला चीक वाळला की तसा दिसतो.

उमरीला फोन लावला. आईनं उचलला, आणि मी काही बोलायच्या आतच ओरडली. "अगं, ही संगीता उठून न्हाई राहिली! कुरड्या झाल्या दहाला. पाच मिंटं पडते म्हणली जिन्याच्या खोलीत, तवापसनं झोपलीय. हाका मारून घसा बसला माझा."

लॅबची सवय कामाला आली. "आई, घाबरू नको. श्वास मोज. एक मिनिट, मी घड्याळ बघते." आईनं मोजले — चौदा. "चिमटा काढ." काढला तर संगीतानं हात झटकला आणि कुशीवर वळली. म्हणजे बेशुद्धी नाही, झोप.

"अन् हसून राहिली गं झोपंत," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बालाजी म्हणतो कळशीभर पाणी वततो तोंडावर."

"आई... साडी कोणती नेसलीय तिनं?"

"जांभळी. कामून?"

"असंच," मी म्हटलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि त्या क्षणीही मी मनात कारणंच शोधत होते. पण एक गोष्ट सरळ दिसत होती. पहाटे तीनपासून राबलेली एक बाई एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपली होती आणि तिला उठवायला सगळं घर गोळा झालं होतं. बाकी खरं असो की खोटं, एवढं तर खरं होतं.

"बालाजीला फोन दे," मी म्हटलं. तो आला. "पाण्याचा एक थेंब तिच्या अंगावर पडला तर बघ. पाच वाजेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आई तिथं बसून श्वासावर लक्ष ठेवील. काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरकडे न्या आणि मला कळवा. नाहीतर झोपू द्या."

"आक्का, अन् च्या?"

"तू कर."

फोन ठेवला. मग काउंटरवर जाऊन मी दुसरा कॉस्च्यूम मागितला. मुलगी म्हणाली, "त्या ताईंसाठी ना?" आणि मी — बावीस वर्षं पेशी मोजणारी बाई — म्हणाले, "हो."

तो कॉस्च्यूम बाकावर ठेवून मी इंग्रजी आठाच्या आकाराची, दोघांनी बसायची मोठी ट्यूब उचलली. सगळ्यात उंच घसरगुंडीच्या जिन्यावरून धापा टाकत वर गेले. ट्यूबमध्ये पुढच्या बाजूला बसले. वरचा माणूस म्हणाला, "मागच्या ताई, हँडल घट्ट धरा." मागची बाजू दबली. माझी पुढची वर उचलली गेली, कोणी बसल्यावर उचलली जाते तशीच. मी मागं बघितलं नाही. भ्याले म्हणून नव्हे. वळून बघावं आणि कोणी नसावं, असं झालं असतं तर तिचा दिवस तिथंच संपला असता, म्हणून.

मग काय, एक खेळ सोडला नाही. शेवटी लेकरांच्या भागात ती उंच टांगलेली भलीमोठी बादली असते ना, भरत भरत जाते, घंटा वाजते आणि धाडकन डोक्यावर उलटते — तिच्याखाली जाऊन उभी राहिले. पाणी असं आदळलं की मला दोन मिनिटं ऐकू येईना. शेजारची चिमुरडी माझ्याकडे आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत टाळ्या वाजवत होती.

पावणेपाचला फोन आला. संगीता होती.

"आक्का," ती म्हणाली, "कान दुखून राहिले माझे. ती बादली लई जोरात पडती."

मी तिला बादलीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

रविवारी परत निघाले ती नांदेडला न उतरता तशीच उमरी गाठली. संगीताचे केस हुंगले. कोणी हसेल तर हसो. मी रोज हायपोक्लोराइटनं टेबल पुसते, क्लोरीनचा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. तोच वास होता. बालाजी म्हणाला, नळाचं पाणी असेल. आमच्या घरी नळ नाहीच, बोअर आहे, आणि त्यात ब्लीचिंग कोणी टाकत नाही. सोमवारी तिला लॅबमध्ये आणून रक्त तपासलं. शुगर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन तेवढं नऊ निघालं, पण त्यानं कोणी चाकूरला पोहोचत नाही. रक्त काढताना ती एकच वाक्य बोलली.

"घसरगुंडीवर मी मागनं किती हाका मारल्या आक्का... तुम्ही मागं कामून बघितलं न्हाई?"

रक्ताच्या बाटलीवर मी तिच्याऐवजी माझंच नाव लिहून बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

वर्ष झालं. कारण सापडलेलं नाही. योगायोग म्हणावं तर साडी, चीक, बादली आणि तो वास, इतके योगायोग एका दिवसात मला पचत नाहीत. भूत म्हणणार नाही, कारण ती जिवंत आहे, आता थोडी जाडही झालीय. कोणा डॉक्टरला, प्राध्यापकाला याचा उलगडा होत असेल तर जरूर लिहावं, मी वाचेन. फक्त 'मॅडम, तुम्हाला भास झाला' असं लिहू नये. भास मला झालाच नाही. मला तर काहीच दिसलं नाही, दिसलं ते बाकीच्या सगळ्यांना.

परवा, बुधवारी, मी पुन्हा उमरीला होते. याच शनिवारचं बुकिंग केलंय, जिराफ कॉटेज, व्यक्ती दोन, एसटीची तिकिटंही दोन. आई गव्हाचा डबा काढून सुपात घेऊन बसली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात संगीता भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणाली,

"घाला की आत्याबाई, घाला भिजू. मी झोपून जाईन."

आईनं सुपातले गहू परत डब्यात ओतले आणि झाकण लावलं.