चौकटीतलं गवत

एकोणीसशे बेचाळीस साल. आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, तेव्हा फसली सन चाले, पण आता ते कोणाला कळायचं नाही म्हणून हे सांगतो. माझं वय सत्तावीस. आई म्हणायची अठ्ठावीस. पण माझ्या जन्माच्या वेळी ती शुद्धीवर नव्हती, म्हणून मी माझंच धरतो.

त्या मार्गशीर्षात सकाळी मेंढरं घेऊन मी माळावर चढलो, तर शेरवानी घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून गवत कापत होता. समोर बांबूच्या चार काठ्यांची चौकट. तिच्यातलं सगळं गवत त्याने विळ्याने बुडापासून कापलं, फडक्यात बांधलं, चौकट उचलली, पुढे नेऊन टाकली आणि पुन्हा बसला. चौकटीबाहेरचं काही घेत नव्हता. एक काडी तेवढी दाढेखाली धरली होती. मला वाटलं, वेडा तरी असावा, नाहीतर याची म्हैस फार नखरेल असावी.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"हे गवत कोणाचं?" त्याने उलट मलाच विचारलं.

"मेंढरांचं."

तो हसला. कानावरची पेन्सिल काढून वर धरली आणि म्हणाला, "लिहू का?"

हे त्याचं नेहमीचं. कोणी काही सांगितलं की आधी पेन्सिल वर, मग "लिहू का?" तुम्ही हो म्हणाल तरच ती कागदाला टेकणार. कागदवाली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती विचारून लिहीत नाहीत. आधी लिहितात, मग अंगठा मागतात. विचारणारा मी हा एकटाच पाहिला.

तो हैदराबादच्या विद्यापीठातला. त्याचं शिकून झालं होतं आणि तरी तो शिकतच होता. असंही असतं हे मला तेव्हा कळलं. मी स्वतः दुसरीत शाळा सोडली, आणि माझं काही अडलं नाही. तो औरंगाबादेकडचा, मराठी साफ, मधूनच उर्दू. मारुतीच्या देवळाच्या पडवीत त्याने पथारी टाकली. गावाने नाव ठेवलं, गवत्या मास्तर. खरं नाव मला ठाऊक आहे. पण त्याने विचारल्याशिवाय कधी कोणाचं नाव कागदावर घातलं नाही, आणि आता त्याला विचारायला तो नाही. म्हणून मीही घालत नाही.

दिवसभर माळावर चौकट टाकायची आणि संध्याकाळी गाठोडी घेऊन वाण्याच्या दुकानात गवत तोलायचं, हा त्याचा उद्योग. वाणी कुरकुर करायचा, "मास्तर, गुळाचा तराजू हाये हा. उद्या गूळ घेणारा म्हणंल, गवताचा वास मारून राहिला." मास्तर मुकाट्याने उपरण्याने पारडं पुसून द्यायचा. रोज तोच टोमणा आणि रोज तेच पुसणं. पुढे पुढे वाणीच वाट बघायचा, "आज मास्तर काहून आला न्हाई?"

आमच्या माळावर कुसळी गवत फार. त्याचं टोक म्हणजे सुई. मास्तर आमच्या अंगणात येऊन बसला की शेरवानीला कुसळांची झालर लागलेली असायची. माझी बायको म्हणायची, "दादा, द्या इकडं ते. अंगावर रान घेऊन हिंडून राहिले." मग उजेड असेतो ती एकेक कुसळ ओढून काढायची आणि तो बंडीवर, खाली मान घालून बसायचा. एकदा तिने विचारलं, "घरी कोणी हाये का न्हाई तुमाला?" तो म्हणाला, "आई होती." हे मात्र लिहू का असं त्याने विचारलं नाही.

माळाचं तो मला समजावून सांगायचा. सरकारच्या हिशेबी माळ म्हणजे रिकामी जागा. पीक नाही, सारा नाही. लढाई चालू होती, धान्य हवं होतं. पडीक असेल ते नांगरून पिकाखाली आणा असा हुकूम निघाला होता आणि आमच्या माळावर बोट ठेवलेलं होतं.

"पण यातून काहीच निघत नाही का?" तो विचारायचा.

"काहून न्हाई? लोकर न्हाई का? कुणब्यांच्या वावरात आमी मेंढरं बसवतो, लेंड्यांनं वावर कस धरतं, ते आमाला ज्वारी देतात. अन् खालची विहीर? माळ पाणी धरतो म्हणून तिला चैतात पाणी."

"लिहू का?"

"लिवा की."

"जे बाजारात जात नाही, त्याची किंमत कोणी धरत नाही," तो म्हणायचा. "मी धरून दाखवतो." हे बोलताना त्याचे डोळे असे व्हायचे की समोर माणूस बसलाय हेही तो विसरायचा.

किती गवत आहे ते त्याने तोललं होतं. ते खातं कोण, एवढंच लिहायचं राहिलं. आणि गाडं तिथे रुतलं.

आम्हा धनगरांच्या आळीत एक रीत होती. कागदवाला आला की मेंढरं दिसू द्यायची नाहीत. चराईचा कर जनावरावर असे. आळीतल्या म्हातारीने छपरावर काळी घोंगडी वाळत टाकली की रानातल्याने ओळखायचं, आणि कळप कयाधू नदीच्या पलीकडे न्यायचे. आजोबांच्या वेळेपासून हेच. त्यात कोणाला पाप वाटत नव्हतं. पाऊस आला की खाट आत घेतो, तसं होतं ते.

मास्तर मोजायला निघाला त्या दिवशी घोंगडी छपरावर गेली. माझी मेंढरंही मी पलीकडे धाडली. मास्तर दारोदार फिरला. दावी रिकामी, मेंढरं कोंडायच्या वाघरी, म्हणजे जाळ्या, गुंडाळलेल्या, अंगणात ताज्या लेंड्या. म्हातारीच्या घरात मागे राहिलेलं एक कोकरू कणगीआडून ओरडलं. मास्तर थांबला. म्हातारी म्हणाली, "नातू हाये माझा. खोकून राहिला."

"काढा द्या त्याला," मास्तर म्हणाला.

"देते की. पण पाल्याबिगर काही खात न्हाई मेला."

सगळी आळी हसली. मास्तरही हसला. पेन्सिल वर धरून त्याने म्हातारीकडे बघितलं, "लिहू का?" म्हातारी म्हणाली, "खोकला लिवा." त्याने पेन्सिल कानावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरने देवळापुढे आळी जमवली. आमचे थोरले चुलते, तात्या, आळीत शब्द चाले तो त्यांचा. मास्तर उभ्यानेच बोलला. "जनावरं आहेत तेवढी लिहू द्या. नाही लिहिली तर माळ मोकळा दिसेल. मोकळा दिसला तर नांगराला देतील."

तात्या म्हणाले, "आज तुमी लिवता. उद्या तहसीलवाले वाचतील. कर वाढंल का न्हाई?"

"वाढू शकतो."

"न्हाई वाढणार, अशी मारुतीसमोर आण घेता?"

मी तुम्हाला सांगतो, त्याने नुसतं घेतो म्हटलं असतं ना, तर त्याच दिवशी सगळे कळप नदीच्या अलीकडे आले असते. लोकांनाही तेच ऐकायचं होतं. खोटं असलं तरी ऐकायचं होतं. मास्तरने मारुतीकडे बघितलं, मग तात्यांकडे.

"नाही घेता येत," तो म्हणाला. "कागद माझ्या हातातून गेला की माझा राहत नाही."

तात्या उठले, धोतर झटकलं. "मग आमची मेंढरं न्हाईत. लिवा."

"लिहू का?" त्याने पेन्सिल वर धरली.

"लिवा म्हटलं ना!"

त्याने लिहिलं.

मला ते सोसलं नाही. मास्तरसाठी नाही, मेंढरं असून नाहीत म्हणायचं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगाला लागलं. मी नदीपलीकडे गेलो आणि माझा कळप भर दुपारी आळीतून, तात्यांच्या दारावरून आणला. तात्या ओरडले, "येडा झाला का रे? सगळ्याला बुडवतो का?" मी म्हणालो, "माझी मेंढरं, माझं तोंड." मास्तरला म्हणालो, "मोजा." त्याने विचारलं, "लिहू का?" मी म्हणालो, "मोठ्या अक्षरात."

त्या साली माझी लोकर कातरायला आळीतलं कोणी आलं नाही. कर माझ्यावर बसला. भरला. मला त्याचा पस्तावा नाही. आजही तेच करीन.

मोजणी उरकून मास्तर हैदराबादला गेला आणि पुढल्या चैत्रात परत आला. हिवतापाने वाळला होता, शेरवानी खुंटीला अडकवल्यासारखी अंगावर. त्याच्या आधी हुकूम येऊन पोचला होता आणि माळावर नांगर फिरत होते. जमिनी मिळाल्या त्या दूरच्या लोकांना. मास्तर वर गेला आणि उलटलेल्या मातीत बराच वेळ उभा राहिला. चौकट खांद्यावर होती, ती खाली ठेवली नाही.

संध्याकाळी आमच्या अंगणात बसला. तात्याही आले, बोलायचं नसल्यासारखे भिंतीला टेकून राहिले.

"मी लिहिलेलं वाचलं त्यांनी," मास्तर म्हणाला. "तेवढंच तर वाचलं. एवढं दाट गवत आणि खाणारा एक कळप. म्हणाले, जमीन कसदार आहे आणि फुकट चालली आहे. ज्वारी झकास येईल. गवताचं वजन माझंच. त्यावरच दिला माळ."

मी म्हणालो, "तुमाला तं ठाऊक होतं. कणगीआडचं कोकरू ऐकलं तुमी. अंगणातल्या लेंड्या पाहिल्या. मेंढरं लपवली हायेत, एवढं लिवायचं होतं!"

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही लिहू दिलं नव्हतं," म्हणाला.

तात्या उठून आपल्या घरी गेले आणि तांब्याभर ताक घेऊन आले. स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवलं. तात्या कोणाला हाताने काही देत नसत. मास्तर ते सगळं प्याला.

बायकोने सवयीने त्याच्या शेरवानीला हात घातला. चाचपडून म्हणाली, "दादा, आज कुसळं न्हाईत."

"कुठून येतील," तो म्हणाला.

मी म्हणालो, "आता पुढं काय लिवणार मास्तर?" कानावर पेन्सिल होती. तिच्याकडे त्याचा हात गेला नाही.

सकाळी हिंगोलीची आगगाडी धरायला तो बैलगाडीने निघाला. चौकट त्याने माझ्या दाराशी उभी केली. "राहू द्या. काठ्या तरी कामाला येतील."

तो पुन्हा आला नाही. अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं तेव्हा मला वाटलं होतं, येईल. हिंगोलीत हैदराबादेकडून आलेला एक कारकून भेटला, त्याला विचारलं. "गवत तोलणारा?" तो म्हणाला आणि हसला. तापाने गेला असं म्हणतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. तेही खात्रीने नाही.

माळावर ज्वारी आली. थोडी वर्षं चांगली आली, खोटं कशाला बोलू. मग पावसागणिक माती कयाधूत उतरत गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. नांगरवाले निघून गेले. आता तिथे कुसळही धरत नाही. विहीर होळीच्या आधीच तळ दाखवते. तात्यांनी कळप विकला आणि शेवटी शेवटी माळाकडे पाठ करून बसायचे. राज्य बदललं, साहेब बदलले. माळ काही परत माळ झाला नाही, आणि होईल असं मला वाटत नाही.

तो गाव सोडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकट खांद्यावर घेऊन वर गेलो. दोन वावरांच्या मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, तेवढा नांगरातून सुटला होता. त्यावर वाळलेलं गवत उभं होतं. मी चौकट टाकली, गुडघ्यांवर बसलो, आणि आतलं सगळं विळ्याने बुडापासून कापलं. बाहेरचं घेतलं नाही. घरी आणून मेंढीपुढे टाकलं. तिने खाल्लं. मी ते तोललं नाही.